खदानीतला दवाखाना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खापरखेडा, सिल्लेवाडा, वलनी, कन्हान, सावनेर, उमरेड. या पट्ट्यातले कितीतरी जण रिटायर होऊन नागपुरात घर बांधून बसले, आणि आता त्यांची पोरं-नातवंडं विचारतात की कॉलनीत दवाखाना होता म्हणता तो कोणाचा, फुकट कसा, आणि शेजारच्या गावातल्या माणसाला तिथं का घेत नव्हते. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो. कोळसा खदानीचं जास्त आहे, मँगनीजचं थोडं. छिंदवाड्याकडच्या खोऱ्याचंही घेतलंय, कारण तिथला कारभार शेवटी नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधूनच चालतो.

पेंच-कन्हान खोरं म्हणजे आपलं कामठीजवळचं कन्हान का?

नाही, आणि हा घोळ इतक्यांदा होतो की काय सांगू. आपलं कन्हान गाव नदीकाठचं, कामठीच्या पुढचं. वेकोलिचा, म्हणजे सरकारी कोळसा कंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्सचा, जो 'कन्हान एरिया' म्हणतात तो वर सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, जुन्नारदेव-डुंगरिया भागात. त्याला लागून पेंच एरिया म्हणजे परासिया, चांदामेटा, बरकुही. नद्या मात्र त्याच, दोन्ही तिकडून खाली उतरतात आणि पेंच आपल्या इकडं येऊन कन्हानला मिळते. कांद्रीचंही तसंच, कन्हानजवळची कांद्री कोळशाची आणि मनसरजवळची कांद्री मँगनीजची. आजोबा "कांद्रीच्या दवाखान्यात" ॲडमिट होते असं कोणी म्हटलं की पहिले विचारा, कोणती कांद्री.

आणि हेही लक्षात ठेवा, १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर. म्हणून त्या खोऱ्याचा जुना इतिहास इथल्या इतिहासापासून वेगळा काढताच येत नाही.

दवाखाने कोणी बांधले? इंग्रज कंपनीने का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. घरोघरी हेच ऐकायला मिळतं की साहेब लोक चांगले होते, त्यांनी दवाखाना दिला. काही कंपन्यांचे स्वतःचे छोटे दवाखाने होते हे खरं, पण ते बरंचसं मालकाच्या मर्जीवर, म्हणजे एखादा डॉक्टर, एक कंपाउंडर, बँडेज आणि बाटलीतलं मिक्श्चर, आणि मॅनेजर बदलला की सगळंच बदलायचं.

खरा फरक पडला १९४४ मध्ये. जानेवारीत 'कोल माइन्स लेबर वेल्फेअर फंड'चा अध्यादेश निघाला आणि १९४७ मध्ये त्याच्या जागी कायदा आला. कायदा असा की खदानीतून जो कोळसा बाहेर जाईल त्याच्यावर टनामागे सेस, म्हणजे उपकर, घ्यायचा, कमीत कमी ४ आणे, जास्तीत जास्त ८ आणे. तो पैसा एका फंडात जमा, आणि फंडातून कामगारांची घरं, पिण्याचं पाणी, शाळा, दवाखाने. आता हिशोब करून बघा. समजा २० टनांची एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, भरून गेली, तर ४ आण्यांच्या दराने ८० आणे, म्हणजे ५ रुपये फंडात. दिवसाला एका खदानीतून किती वाघिणी जायच्या ते तुमच्या आजोबांना विचारा.

म्हणजे दवाखाना कोणा साहेबाच्या दयेने आला नाही, खाली गैंती मारणाऱ्याने जो टन वर काढला त्या टनातून तो बांधला गेला. मला तर वाटतं कॉलनीतल्या दवाखान्याच्या भिंतीवर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याच्या पाटीच्या ऐवजी हे लिहायला पाहिजे होतं.

धनबाद आणि आसनसोलजवळ कल्ला इथं फंडाची मोठी सेंट्रल हॉस्पिटलं झाली. बाकी कोलफिल्डमध्ये लहान हॉस्पिटलं, डिस्पेन्सऱ्या, मॅटर्निटी सेंटर आणि मलेरियाची फवारणी. आपला भाग तिकडच्या झरिया-राणीगंजच्या कोळसा पट्ट्यांच्या मानाने छोटा, त्यामुळे आपल्या वाट्याला छोटंच आलं.

बाबासाहेबांचा यात खरंच संबंध आहे की नुसते व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड?

आहे, पक्का आहे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या एक्झिक्युटिव्ह कौन्सिलमध्ये लेबर मेंबर होते, आजच्या भाषेत केंद्रीय कामगार मंत्री. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खदानी स्वतः बघून आले आणि पुढच्याच महिन्यात फंडाचा अध्यादेश निघाला. खदान कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्यातली १९४५ ची दुरुस्तीही त्यांच्याच काळातली, तिच्यात जमिनीखाली काम करणाऱ्या बाईला जास्त दिवसांची रजा मिळाली.

दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धवट इतिहास कोणाच्याच कामाचा नाही. बायकांनी जमिनीखाली उतरायचं नाही ही बंदी १९३७ पासून लागू होती. महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ मध्ये ती उठवली, त्यावरून असेंब्लीत बराच वाद झाला, आणि उत्तर द्यायला लेबर मेंबर म्हणून बाबासाहेबांनाच उभं राहावं लागलं. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत आली. युद्धाच्या त्या वर्षांत बाई टोपली घेऊन खाली आणि तान्हं लेकरू वर, असं होतं. खदानीवर पाळणाघर पाहिजेच हा नियम त्या परिस्थितीतून आला.

छोट्या दवाखान्यात असायचं काय काय?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एक फर्स्ट एड रूम, ती खदानीच्या तोंडाशी. १९५२ च्या माइन्स ॲक्टप्रमाणे १५० पेक्षा जास्त माणसं कामाला असली की ही खोली पाहिजेच होती. स्ट्रेचर, फळ्या, ब्लँकेट, बँडेज, आयोडिन असं सामान आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं सर्टिफिकेट घेतलेला माणूस. मायनिंग सिरदार आणि ओव्हरमन, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारे, त्यांना तर हे सर्टिफिकेट लागतंच, म्हणजे खाली अपघात झाला तर पहिला हात डॉक्टरचा नाही, सिरदारचा.

दुसरा कॉलनीतला दवाखाना. बैठी इमारत, पुढं व्हरांडा, आत थोडे बेड, ड्रेसिंग रूम, औषधाची खिडकी. डॉक्टर एक किंवा दोन, पण दवाखाना चालवायचे कंपाउंडर, ड्रेसर आणि नर्सबाई. कोळशाच्या खोऱ्यात डॉक्टर टिकायचा नाही, बदली मागायचा, आणि कंपाउंडर मात्र रिटायर होईपर्यंत तिथंच, त्यामुळे लोक त्यालाच "डॉक्टरसाब" म्हणायचे आणि रात्री बारा वाजता दार त्याच्याच घराचं वाजायचं. कोणाच्या घरी कोणता आजार, कोण दारू पितो, कोणाची सून किती महिन्यांची, सगळं त्याला तोंडपाठ. आणि रजेचं बोलायचं तर "सिक" लिहून द्यायचं की नाही हे ज्याच्या हातात, त्याची वट हाजरीबाबूपेक्षा कमी नव्हती.

कोणते पेशंट यायचे? नुसते अपघाताचे का?

रोजच्या ओपीडीत अपघात कमीच. ताप, हगवण, बाळंतपण, लेकरांचा खोकला हेच जास्त. पण खदानीचे म्हणून जे आजार ते असे.

छत पडणं, म्हणजे रूफ फॉल. अंडरग्राउंडमध्ये सगळ्यात जास्त भीती याचीच, विशेषतः डिपिलरिंग चालू असताना, म्हणजे आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांबच शेवटी काढून घेतात तेव्हा. पाय चेंगरणे, कंबर मोडणे, फ्रॅक्चर. टब (कोळशाच्या छोट्या गाड्या) आणि त्या ओढायच्या दोरीचे अपघात, बोटं जाणं. छोट्या दवाखान्यात काय करणार, रक्त थांबवायचं, फळी बांधायची, दुखणं कमी करायचं इंजेक्शन द्यायचं आणि गाडीत टाकून नागपूर.

हुकवर्म, म्हणजे आतड्यातला जंत. यावर कोणी बोलत नाही. खाली ओल, उबदार हवा, अनवाणी पाय आणि संडासाची सोय नाही, अळी तळपायातूनच आत शिरते. माणूस पांढरा पडत जातो, रक्त कमी, दम लागतो, आणि वरचे म्हणतात आळशी आहे. बूट आणि संडास ही याच्यावरची खरी औषधं होती, गोळी नंतर.

मलेरिया. डोंगर, जंगल, खदानीचे पाणी साचलेले खड्डे. फंडाच्या पैशातून डीडीटीची फवारणी सुरू झाली तेव्हा जो फरक पडला तो दहा डॉक्टर आणून पडला नसता.

आणि धूळ. कोळशाच्या धुळीने होतो तो न्यूमोकोनिओसिस, दगडातल्या सिलिकाने होतो तो सिलिकोसिस. कोळसा खदानीतही दगडात ड्रिलिंग करणाऱ्याला सिलिकोसिस होऊ शकतो. दोन्ही हळूहळू येतात, वर्षं जातात, फुप्फुस परत पहिल्यासारखं होत नाही. सिलिकोसिस असला की टीबी लवकर पकडतो, आणि एक्स-रेमध्ये दोन्ही सारखे दिसू शकतात, म्हणून सगळ्यात मोठा अन्याय असा झाला की धुळीच्या पेशंटला टीबीची औषधं देऊन घरी पाठवलं. टीबी हा "त्याचा" आजार, धुळीचा आजार मात्र कंपनीचा. धुळीचा लिहिला तर डॉक्टरला माइन्स ॲक्टच्या कलम २५ खाली वर कळवावं लागायचं, भरपाई लागायची. टीबी लिहिलं की फाईल बंद. सगळेच डॉक्टर मुद्दाम करायचे असं मी म्हणत नाही, पण पगार देणारा आणि निदान करणारा एकाच गेटच्या आत असला की पेन कुठं वळतं ते समजायला डॉक्टर व्हायची गरज नाही.

मँगनीजवाल्यांचं अजून वेगळं. तिथं धूळ मेंदूवर जाते. चेहरा मख्ख, बोलणं हळू, चाल बिघडते, पार्किन्सनसारखं दिसतं. असे पेशंट स्कॉटलंडमध्ये १८३७ मध्येच एका डॉक्टरने नोंदवले होते, म्हणजे आपल्याकडे मँगनीज निघायला लागलं त्याच्या कितीतरी आधी हे माहीत होतं. माइन्स ॲक्टखाली कळवायच्या आजारांत मँगनीजची विषबाधा होती.

मोठे अपघात झाले तेव्हा या दवाखान्यांनी काय केलं?

खरं सांगायचं तर मोठ्या अपघातात दवाखान्याला करायला फार काही उरत नव्हतं. १० डिसेंबर १९५४, छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखली, खदानीत पाणी घुसलं, ६३ माणसं गेली. तेव्हा ते नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातलंच. १८ नोव्हेंबर १९७५, आपलं सिल्लेवाडा, पुन्हा पाणी, १० गेले. सिल्लेवाड्याचं बाहेर फारसं कोणाला माहीतच नाही, कारण दीडेक महिन्यात २७ डिसेंबरला धनबादकडे 'चासनाला' खदानीत अपघात झाला, ३७५ माणसं गेली, आणि देशभर तेच नाव लक्षात राहिलं.

पाण्याच्या अपघातात जखमी थोडे, एक तर वर येतो नाही तर येत नाही. दवाखान्याच्या वाट्याला येतं ते ओळख पटवणं, पोस्टमॉर्टेम, आणि बाहेर बसलेल्या बायका.

ईएसआयचं कार्ड का नव्हतं खदानवाल्यांना?

कारण १९४८ च्या ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कायद्यात फॅक्टरीची जी व्याख्या होती तिच्यातून खदान बाहेर ठेवलेली. नागपुरात ईएसआय १९५४ मध्ये आलं. म्हणून एक भाऊ एम्प्रेस मिलमध्ये तर त्याला ईएसआय, दुसरा खदानीत तर त्याला कॉलनीचा दवाखाना. पीएफसुद्धा वेगळा, कोल माइन्स पीएफ.

१९७३ नंतर काय बदललं?

बरंच. १ मे १९७३ ला नॉन-कोकिंग, म्हणजे पोलादाच्या भट्टीला न चालणाऱ्या कोळशाच्या, खदानी सरकारी झाल्या, आपल्याकडच्या खाजगी खदानी त्यातल्याच. आधी कोल माइन्स अथॉरिटी, तिचं वेस्टर्न डिव्हिजन नागपुरात, मग १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिच्याखाली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि. १९८६ मध्ये वेल्फेअर फंडाचा कायदाच रद्द झाला आणि त्याचे दवाखाने कोळसा कंपन्यांकडे गेले.

चांगलं काय झालं तर पगारवाल्या कामगाराच्या पूर्ण कुटुंबाला उपचार मिळू लागले, ॲम्ब्युलन्स आल्या, पॅथॉलॉजी आली, एरिया हॉस्पिटलं उभी राहिली, बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलांशी टाय-अप झाले. वेज ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे युनियन आणि कंपनीच्या पगार करारात, मेडिकल हा हक्क म्हणून लिहिला गेला.

वाईट काय, तर टाय-अप आले तसा छोटा दवाखाना नुसता रेफर चिठ्ठीचा काउंटर होत गेला. अंडरग्राउंड बंद होत गेल्या, ओपनकास्टला, म्हणजे वरून उघडी खणायच्या खदानीला, माणसं कमी लागतात, कॉलनी रिकामी, क्वार्टरला झाडं उगवली. मग बेड कोणासाठी ठेवायचे, असं वरचे विचारतात. त्यांचंही अगदी चूक नाही, पण गाव तर अजून तिथंच आहे ना.

गावातल्या लोकांना, ठेकेदारीच्या मजुरांना घ्यायचे का?

नियमाने दवाखाना हाजरीवर नाव असलेल्याचा. इमर्जन्सीत कोणी परत पाठवत नव्हतं, साप चावला, बाई अडली तर कंपाउंडर बघायचाच. पण रोजच्या औषधाला "कार्ड दाखवा" होतं. ज्याची शेती खदानीत गेली, नोकरी एकाच पोराला लागली, त्याच्या बाकीच्या भावांना त्याच धुळीत राहून बाहेर पैसे देऊन औषध घ्यावं लागलं. आणि आता ओपनकास्टमध्ये माती काढायचं काम ठेकेदारांकडे असतं, तो ड्रायव्हर-हेल्पर सगळ्यात जास्त धूळ खातो आणि कॉलनीच्या दवाखान्यावर हक्क सांगायला त्याच्याचकडे कागद नसतो. टनावर सेस होता तेव्हा टन कोणी काढला हे कोणी विचारत नव्हतं हो. दवाखान्याच्या खिडकीवर मात्र विचारलं जायचं.

सिरियस पेशंट नागपूरला कसा आणायचे?

सिल्लेवाडा-कामठीवाल्यांना जवळ होतं, कंपनीचा ट्रक किंवा जीप आणि सरळ मेयो नाहीतर मेडिकल, ही नागपूरची दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं. उमरेडवाल्यांना रस्ता लांब पण बरा. हाल होते ते वरच्या खोऱ्याचे. छिंदवाडा ते नागपूर साधारण १२५ किलोमीटर, मध्ये घाट. एक तर ॲम्ब्युलन्स, नाहीतर छोटी लाईन, म्हणजे ती नॅरोगेज जी इतवारीला यायची आणि जिच्या स्पीडबद्दल न बोललेलंच बरं. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती बंद झाली, आता तिथं ब्रॉडगेज आहे. हाड मोडलेला माणूस त्या गाडीतून यायचा, सोबत भाऊ, डबा, आणि रेफरचा कागद शर्टाच्या खिशात. इतवारीहून मेयो जवळ, म्हणून वरच्या लोकांच्या तोंडी मेयोचंच नाव जास्त.

'नाइन-फोर-झिरो' काय असतं?

वेज ॲग्रीमेंटचं कलम ९.४.०. कामगार नोकरीत असताना कायमचा अपंग किंवा अनफिट ठरला तर घरातल्या एकाला नोकरी. मृत्यू झाला तर ९.३.०. याचा दवाखान्याशी संबंध असा की अनफिट ठरवणार मेडिकल बोर्ड. म्हणजे ज्या खोलीत खोकला तपासायचा तिथंच पोराची नोकरी ठरायला लागली. मग बाहेर काय काय चाललं असेल ते तुम्ही समजदार आहात. खरोखर दम लागणारा माणूस अशा गर्दीत मागं पडतो, एवढंच म्हणतो.

मँगनीज खदानीचे दवाखाने वेगळे का?

या खदानी मॉइलच्या, म्हणजे मँगनीज ओर इंडिया लिमिटेडच्या, नागपूरचीच कंपनी, १९६२ ची. मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, मध्य प्रदेशात बालाघाट, उकवा, तिरोडी. कोळशाच्या फंडाचा त्यांना उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी सेस आणि फंडाचे कायदे १९७६ मध्ये आले, लोखंड खदानींच्या सोबत. कोळशाच्या ३२ वर्षांनंतर! धूळ काय कोळशालाच असते का बाप्पा.

धुळीच्या आजाराची तपासणी नागपुरात कुठे?

वाडीला अमरावती रोडवर खाण कामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. ती १९९० मध्ये कोलार गोल्ड फिल्ड्सला सुरू झाली, नंतर इकडं आली, आणि २०१९ मध्ये अहमदाबादच्या एनआयओएच या व्यवसायजन्य आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत विलीन करायचा निर्णय झाला. पेशंटने मात्र आधी मेडिकल किंवा मेयोच्या छातीच्या ओपीडीत जावं आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगावं की इतकी वर्षं खदानीत होतो, अमुक काम करत होतो. "मजूर" एवढंच सांगू नका, ड्रिलर होतो, लोडर होतो, क्रशरवर होतो असं सांगा.

आजोबांचे कागद शोधायचे आहेत, काय काय मागू?

फॉर्म बी, म्हणजे कामगारांच्या नोंदीच्या, रजिस्टरमधलं नाव, त्यात काम कोणतं आणि कधीपासून ते असतं. सीएमपीएफ (कोल माइन्स पीएफ) नंबर. फॉर्म ओ, म्हणजे भरती होताना आणि नंतर दर पाच वर्षांनी जी तपासणी व्हायची तिचं सर्टिफिकेट. एक्स-रेची फिल्म घरात असेल तर ट्रंकेतून काढून उन्हात टाकू नका, सपाट ठेवा, आणि मोबाईलवर फोटो काढायचा तर खिडकीच्या उजेडावर धरून काढा. खदान बंद झाली असेल तर कागद सब-एरिया ऑफिस किंवा एरियाच्या पर्सोनेल डिपार्टमेंटला गेलेले असतात, तिथं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर आरटीआय टाका. भरपाईचा विचार असेल तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत न्यूमोकोनिओसिस होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), वकिलाकडे जाताना हे तिन्ही कागद आणि जुन्या-नव्या दोन्ही फिल्म सोबत न्या.